गेमिंगमध्ये कन्सोल पीसीला मागे टाकतील का? मग आता गेमिंग पीसी घेण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की कन्सोल (म्हणजे टीव्हीला जोडायची प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारखी गेमची मशीनं) आता इतके दमदार झालेत, तर काही वर्षांत गेमसाठी पीसी कोणी घेणारच नाही का, आणि तसं असेल तर आज मुलासाठी पीसी बांधून घ्यावा का. माझं ठाण्यात कॉम्प्युटर असेंबल करण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. कन्सोलही दुरुस्तीला येतात, त्यामुळे दोन्ही मशीन रोज उघडी करून बघतो. माझ्या मते कन्सोल पीसीला मागे टाकणार नाहीत. पण तेवढ्यावरून तुम्ही पीसीच घ्यावा असंही मी म्हणणार नाही. तुमच्या घरात आधीपासून काय आहे, त्यावर ते ठरेल.

आधी ताकदीचं बघू. २००६ साली आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये सेल नावाचा प्रोसेसर होता. पीसीशी त्याचं काही नातं नव्हतं, आणि त्याच्यासाठी गेम बनवणं भल्याभल्यांना जड गेलं. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले ते दोन्ही एएमडी या चिप कंपनीच्या एक्स८६ प्रोसेसरवर, म्हणजे पीसीच्याच घराण्यातले. आजच्या प्लेस्टेशन ५ मध्ये एएमडीचे झेन २ जातीचे ८ कोर, त्याच कंपनीचे ग्राफिक्स आणि १६ जीबी मेमरी आहे. त्या पिढीचे एएमडीचेच रायझन प्रोसेसर मी गिऱ्हाइकांच्या मशीनमध्ये कितीतरी बसवलेत. तेव्हा कन्सोल म्हणजे आता ठरावीक पार्टचा, झाकण बंद केलेला पीसीच आहे. फायदा एवढाच की गेम बनवणाऱ्याला समोर नेमकं कोणतं मशीन आहे हे माहीत असतं, त्यामुळे तो त्यातून पुरेपूर काम काढून घेतो. पण ते मशीन सहा-सात वर्षं तसंच राहतं आणि पीसीची ग्राफिक्स कार्डं दर दोन-अडीच वर्षांनी बदलतात. नवा कन्सोल आला की वर्षभर 'पीसी संपला' अशी चर्चा होते, आणि मग नवी मधल्या किमतीची कार्डं त्याच्या पुढे निघून जातात.

दुसरं, 'हा गेम फक्त कन्सोलवरच' हे कुंपण बरंच मोडलंय. प्लेस्टेशनवाल्या सोनीचा होरायझन झिरो डॉन २०२० मध्ये पीसीवर आला, गॉड ऑफ वॉर २०२२ मध्ये. एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टचा फोर्झा होरायझन ५ तर २०२५ मध्ये चक्क प्लेस्टेशन ५ वर आला. मोठा गेम बनवायचा खर्च इतका वाढलाय की एकाच डब्यावर विकून तो वसूल होत नाही. अपवाद आहेतच. जीटीए ६ ची घोषणा प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस एवढ्यांसाठीच झाली. तुमच्या मुलाला तो पहिल्याच दिवशी हवा असेल तर कन्सोलला पर्याय नाही. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला होता आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये, तोवर पीसीवाले वाट बघत बसले होते.

आता आपल्याकडच्या घरांचं, कारण माझ्या मते खरा निकाल तिथेच लागतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कन्सोलच पुढे होता. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, कॅसेट घालायची आणि मारिओ किंवा काँट्रा. पीसी नंतर घरात शिरला तो एमएस-सीआयटीच्या, इंजिनिअरिंगच्या नावाने. आई-बाबांनी अभ्यासाला म्हणून पैसे मोजले आणि त्याच मशीनवर रात्री काउंटर-स्ट्राइक चालला. कन्सोलसाठी असं कारण सांगता येत नव्हतं. तो निव्वळ खेळणं ठरायचा आणि दिवाळीच्या यादीतून दरवेळी गळायचा.

२०२० नंतर हे बदललं. ऑनलाइन शाळा आणि वर्क फ्रॉम होममुळे घरोघरी लॅपटॉप आले. अभ्यासाची आणि ऑफिसची गरज लॅपटॉपने भागते, मग टेबलाखालचा पीसी कशासाठी? घोडबंदर रोडला किंवा हिरानंदानीला राहणारी मंडळी हल्ली सरळ विचारतात, लॅपटॉप आहेच, मग गेमसाठी प्लेस्टेशन घेऊ का? अशांना मी हो सांगतो, माझं गिऱ्हाईक गेलं तरी. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि २०२२ च्या अखेरीस ५४,९९० झाला. पूर्वी कन्सोल जुना होईल तसा स्वस्त व्हायचा, यावेळी उलटं घडलं. तरीही तेवढ्या पैशांत त्याच्या तोडीचा नवा पीसी मला बांधून देता येत नाही. त्यात २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे रॅमचे भाव भडकले.

पण नंतरचा खर्चही धरा. सोनीचा नवा गेम साधारण ४,९९९ रुपयांना येतो, आणि बहुतेक ऑनलाइन गेमसाठी प्लेस्टेशन प्लस या वर्गणीचे पैसे वेगळे. पीसीवर ऑनलाइन खेळायला असं भाडं नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून किमती रुपयांत आहेत आणि सेलमध्ये वर्ष-दोन वर्षं जुने गेम निम्म्याहून कमी भावात मिळतात. व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम फुकट आहे आणि त्याचा सर्व्हर मुंबईत आहे. पीसीवर घेतलेले गेम जुने होत नाहीत, हाही मोठा मुद्दा. २००४ चा हाफ-लाइफ २ आजच्या मशीनवर चालतो, प्लेस्टेशन ३ ची डिस्क मात्र प्लेस्टेशन ४ मध्येही चालली नाही.

आणि दुरुस्ती, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. कन्सोलचा आमच्याकडे नेहमी येणारा बिघाड म्हणजे एचडीएमआय पोर्ट. टीव्ही सरकवताना केबलला हिसका बसतो आणि आतल्या बारीक पिना वाकतात. मशीन चालू, दिवा लागतो, पडदा काळा. मग पूर्ण कन्सोल उघडायचा, हॉट एअरने जुना पोर्ट उतरवायचा, भिंगाखाली पिना बघत नवा बसवायचा. प्लेस्टेशन ५ च्या चिपवर नेहमीच्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियमला खातं, एक थेंब भलतीकडे गेला तर बोर्ड गेलाच. पीसीचं तसं नाही. कळव्याहून एक मुलगा येतो, त्याचं कॅबिनेट शाळेत असतानाचंच आहे. आतला बोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), कार्ड असं एकेक करून त्याने सगळं बदललं. दरवेळी जुना पार्ट विकून नव्यात पैसे घातले. गेल्या वेळी कार्ड त्याने स्वतःच्या हाताने बसवलं, मी फक्त बाजूला उभा होतो. आज तो मित्रांचे पीसी जोडून देतो. हे शिकणं कन्सोलमध्ये नाही, आणि म्हणूनच पीसी संपू नये असं मला मनापासून वाटतं. तो संपत नाहीये, हेही दिसतंय. मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी ४ कोटींहून जास्त लोक ऑनलाइन होते.

दोघांनाही कोणी मागे टाकलं असेल तर आपल्या देशात ते मोबाईलने. लोकलमध्ये चढलात की ते कळतं, जास्त लिहीत नाही.

आता तुमच्यापुरतं. घरात बरा लॅपटॉप असेल आणि मुलाला फुटबॉल, रेसिंग, गोष्टीचे मोठे गेम आवडत असतील तर कन्सोल घ्या, आणि तो डिस्कवालाच घ्या. डिस्क खेळून झाल्यावर विकता येते किंवा मित्राशी बदलता येते, बिनडिस्कच्या डिजिटल मॉडेलमध्ये तो मार्ग बंद होतो. टीव्ही युनिटच्या बंद खणात ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत आणि धुळीत त्याला मागून मोकळी जागा लागते. मुलगा व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळत असेल, त्याला एडिटिंग, थ्रीडी, कोडिंग करायचं असेल, तर पीसी बांधा. पैसे कमी पडले तर कार्ड हलकं घ्या, ते दोन वर्षांनी बदलता येईल. एसएमपीएस मात्र नावाजलेल्या कंपनीचा, बिल आणि वॉरंटीसकट घ्या. कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो तो वापरू नका, तो जाताना बोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन जातो.