‘लाइक सिंधुदुर्ग’ नेमकं कशाला लागतं?

मालवणात घरगुती निवास चालवणाऱ्या एका ताईंनी पाहुण्यांसाठी इंग्रजी माहितीपत्रक केलंय. त्यातलं एक वाक्य त्यांना खटकतंय: ‘विजयदुर्ग इज नॉट ऑन ॲन आयलंड लाइक सिंधुदुर्ग’. यातून सिंधुदुर्ग बेटावर आहे असं कळतं की बेटावर नाही असं, हा त्यांचा प्रश्न.

ताई, शंका रास्त आहे. अर्थ दोन्ही निघतात. सिंधुदुर्ग कुरटे बेटावर, होडीशिवाय गाठता येत नाही. विजयदुर्गाला तीन बाजूंनी पाणी असलं तरी तो जमिनीला जोडलेला. हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण वाचताना अडखळत नाही. पण मग अर्थ आपल्या माहितीने लावला, वाक्याने नाही. नागपूरहून पहिल्यांदा कोकणात येणाऱ्याने काय करावं?

खरी गोम ‘नॉट’मध्ये आहे. शेवटच्या ‘सिंधुदुर्ग’पुढे मनात ‘इज’ जोडून बघा, मग ‘इज नॉट’ जोडून बघा. दोन्ही बसतात, म्हणजे वाक्य संदिग्ध. तुलना सुरुवातीला नेली की ती सगळ्या नकारी विधानाला लागते: ‘लाइक जयगड, विजयदुर्ग इज नॉट ऑन ॲन आयलंड’, म्हणजे दोन्ही किल्ले बेटावर नाहीत. नामाला खेटून ठेवली, ‘नॉट ॲन आयलंड फोर्ट लाइक सिंधुदुर्ग’, की ओढा नामाकडे जातो आणि सिंधुदुर्ग हा जलदुर्गाचा नमुना ठरतो. शेवटच्या ‘लाइक’आधी स्वल्पविराम देऊन भागेल असं काहीजण सांगतील; माझ्या मते त्याने उलट ‘दोन्ही बेटावर नाहीत’ याच अर्थाला जोर येतो.

यात इंग्रजीला दोष देऊ नये. ‘विजयदुर्ग सिंधुदुर्गासारखा बेटावर नाही’ यातही तोच घोळ आहे. मात्र एरवी मराठीला एक मोठा आधार आहे. ‘भाऊ आईसारखी सोलकढी करतो’ म्हटलं की ‘सारखी’ सोलकढीचं लिंग घेते, आणि चव आईच्या हातची आहे हे लगेच कळतं. ‘आईप्रमाणे’ म्हटलं की तुलना ‘करतो’ या क्रियेकडे वळते. ‘लाइक’ला लिंगवचन नाही, त्यामुळे सगळा भार जागेवर येतो.

तुमच्या वाक्याला सोपा उपाय: ‘अनलाइक सिंधुदुर्ग, विजयदुर्ग इज नॉट ऑन ॲन आयलंड’. पण पाहुण्याला होडी लागेल का, एवढंच सांगायचं असेल तर तुलना सोडा आणि दोन वाक्यं करा: ‘सिंधुदुर्ग स्टँड्स ऑन ॲन आयलंड. यू कॅन रीच विजयदुर्ग बाय रोड.’