आक्षेपाच्या आधी नकाशा

शहराच्या जुन्या मध्यवस्तीत राहणाऱ्या वाचकांच्या काही प्रश्नांना इथे उत्तरं देतो आहे.

प्रश्न : वस्तीच्या पुनर्विकासाच्या आराखड्यावर आम्ही पाचशे सह्यांचं निवेदन दिलं. सुनावणीत तीन मिनिटं बोलू दिलं. आराखडा होता तसाच मंजूर झाला. आमचं काय चुकलं?

तुम्हाला उशिरा बोलावलं गेलं. आराखडा जाहीर होतो तोवर रस्त्यांची रुंदी, सार्वजनिक कामांसाठी जागांची आरक्षणं, इमारतींची उंची हे बरंचसं ठरून गेलेलं असतं. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात मत विचारणं ही चौथी पायरी. तिथे लोकांना बोलता येतं, पण बोललेलं मानलं जाईल याची हमी नसते. निर्णयात खरा वाटा मिळतो तो सहाव्या पायरीपासून, म्हणजे भागीदारीपासून. तुमची तीन मिनिटं चौथ्या पायरीवरची होती.

वर चढायचं तर ‘हे नको’च्या जोडीला ‘हे हवं’ कागदावर लागतं. न्यू यॉर्कच्या कूपर स्क्वेअर भागात 1959 मध्ये जुनी घरं पाडून नवी बांधण्याची योजना आली; ती आणली शहराचे बडे नियोजन अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी. जी माणसं हटणार होती त्यांना नव्या घरांचं भाडं झेपणारं नव्हतं. रहिवाशांनी समिती केली, शंभराहून अधिक बैठका घेतल्या आणि 1961 मध्ये स्वतःचा पर्यायी आराखडा पुढे ठेवला. त्याचा गाभा एकच : नव्या बांधकामाचा लाभ आज इथे राहणाऱ्यांना मिळाला पाहिजे. शहराची मान्यता मिळायला 1970 उजाडलं. अकरा वर्षं! एवढा दम धरायची तयारी हवी.

तेव्हा आधी घरोघर फिरून मोजणी करा. कुटुंबं किती, भाडेकरू किती, खाली धंदा आणि वर घर अशी किती, मोकळ्या जागा कुणाच्या नावावर. ते सगळं नकाशावर उतरवा. एकाच मजकुराखाली पाचशे सह्या असल्या की तो एकच आक्षेप धरला जाण्याची भीती असते. प्रत्येक घराचा वेगळा, नकाशातल्या नेमक्या जागेवर बोट ठेवणारा आक्षेप टाळणं अवघड जातं.

प्रश्न : आमच्या समितीत घरमालकच बोलतात. भाडेकरू फिरकत नाहीत. काय करावं?

ज्याचं घर सगळ्यात आधी जाणार, तोच बैठकीत नाही. मला हे सगळ्यात गंभीर वाटतं. बोस्टनच्या डडली स्ट्रीट परिसरात 1980 च्या दशकात हाच पेच होता. तिथल्या सुधारणेसाठी संघटना निघाली, पण बाहेरच्या संस्थांनी आखलेल्या तिच्या कार्यकारिणीत रहिवासी थोडे होते. 1985 च्या सभेत लोकांनी उघड विचारलं, ‘तुमच्यापैकी इथे राहतं कोण?’ मग रचना बदलली, रहिवाशांचं बहुमत आलं. कृष्णवर्णीय, लॅटिनो, केप व्हर्डियन (केप व्हर्ड बेटांवरून आलेले) आणि गोरे यांना लोकसंख्या न बघता समान जागा मिळाल्या. तुम्हीही भाडेकरूंच्या जागा समितीच्या घटनेतच राखून ठेवा. बैठक त्यांच्या कामाच्या वेळेनंतर घ्या, आणि लहान मुलं सांभाळायला कुणीतरी ठेवा. आई येऊ शकते ती त्यामुळे.

प्रश्न : वस्ती सुधारली की भाडी वाढतात आणि आम्हीच बाहेर फेकले जातो. मग सुधारणा मागायची कशाला?

भीती खरी आहे. उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. डडली स्ट्रीटच्या संघटनेला 1988 मध्ये तिथल्या एका पट्ट्यातले ओसाड भूखंड सक्तीने संपादित करायचा अधिकार मिळाला. खाजगी बिगरनफा संघटनेला असा अधिकार मिळणं फार दुर्मीळ. तिथे जमीन सामुदायिक न्यासाकडे, म्हणजे वस्तीच्या विश्वस्त संस्थेकडे राहते, घर कुटुंबाचं होतं. जमिनीचा भाडेपट्टा 99 वर्षांचा, आणि घर विकताना किमतीवर मर्यादा. म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते परवडतं. लंडनमध्ये थेम्सकाठच्या कॉइन स्ट्रीटवर मोठी कार्यालयं आणि हॉटेल होणार होतं. रहिवासी वर्षानुवर्षं लढले, 1984 मध्ये 13 एकर जमीन त्यांच्या संस्थेकडे आली आणि तिथे सहकारी घरं, बाग, नदीकाठची वाट झाली.

प्रश्न : विकासक एकेकाला वेगळं भेटतो आहे. जावं का?

एकट्याने नाही. समितीतर्फे दोघं-तिघं जा, इतिवृत्त लिहा आणि ते सगळ्यांना वाचून दाखवा. तोंडी आश्वासन धरू नका. लॉस अँजेलिसमध्ये 2001 साली स्टेपल्स सेंटर या क्रीडागृहालगतच्या प्रकल्पासाठी स्थानिक संघटनांनी एकत्र येऊन विकासकाशी लेखी करार केला. त्यात स्थानिकांना रोजगार, परवडणारी घरं आणि उद्यानांसाठी पैसा होता. करारात मुदती घाला, आणि मोडला तर काय, तेही लिहून घ्या.