बाबांचा मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप) छोट्या छेदातून बदलला. हर्णैला परतलोय, होडीवर कधी जाता येईल?

चालणं-फिरणं आणि हलकी कामं साधारण तीन-चार आठवड्यांत जमतील, पण जाळं ओढायला दोन-तीन महिने तरी थांबा, आणि तेही टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून सर्जन हो म्हणाल्यावरच. मी हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स आहे. या पद्धतीत छातीचं मधलं हाड कापत नाहीत, उजव्या बाजूला बरगड्यांमधून पाच-सात सेंटिमीटरच्या छेदातून काम होतं, म्हणून माणूस लवकर उठतो. पण हृदय थांबवून व्हॉल्व्ह बदललेला असतो, त्याला सावरायला वेळ लागतोच. शिवाय दोर खेचताना ताण नेमका त्या बरगड्यांवर येतो.

आता खरी काळजीची गोष्ट. व्हॉल्व्ह धातूचा असेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) करत राहावं लागतं. मग शिंगाळा माशाचा काटा लागला, कोयती निसटली, तर रक्त लवकर थांबत नाही. होडीवर स्वच्छ कापड ठेवा आणि बाबांना एकटं मुळीच पाठवू नका. पावसाळ्यात टाकळा, माठ खाऊ द्या, पण प्रमाण रोज साधारण सारखं हवं. एकदम वाढवलं तर गोळीचा असर कमी होतो. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. व्हॉल्व्ह प्राण्याच्या ऊतीचा असेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुधा काही महिनेच लागते. डिस्चार्ज कार्डावर व्हॉल्व्हचा प्रकार लिहिलेला असतो. ताप, धाप किंवा पायांना सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.