जुन्या बोलेरोच्या मागच्या हौसिंगचं ऑइल घरी बदलता येतं का? सोलापुरात राहतो.

येतं की! हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधली गिअरची पेटी. आधी अक्कलकोट रोडवर पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा, ऑइल पातळ होतं. मग सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा.

आता महत्त्वाचं. आधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा. जुन्या गाडीत तो गंजून बसलेला असतो. खालचा आधी काढला, जुनं ऑइल सांडलं आणि वरचा हललाच नाही, तर गाडी जाग्यावरच अडकली.

वरचा सुटला की खालचा काढून जुनं ऑइल डब्यात सोडा. ते काळं असणारच. बोल्टला मऊ राखाडी लगदा चिकटला असेल तर हरकत नाही, पण लोखंडाचे तुकडे निघाले तर क्राऊन-पिनियन, म्हणजे आतले गिअर, मिस्त्रीला दाखवा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

नवीन गिअर ऑइल जीएल-५ दर्जाचंच घ्या, ग्रेड गाडीच्या पुस्तकात बघा. बहुतेकदा ८०डब्ल्यू-९० चालतं. दुकानात नुसतं 'नव्वद नंबर द्या' म्हणू नका, डब्यावरचं वाचा. वरच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत भरायचं, बस्स. हौसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची नळी, तोही साफ करा. तो तुंबला की सील गळतात.

जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. आणि एप्रिल-मे असेल तर हे काम सकाळी सातच्या आत उरका!