अशी कोणती बातमी आहे, जी वाचून बाकीचे सुस्कारा सोडतात आणि तुम्ही अस्वस्थ होता?

"मुंबईवरचं वादळाचं संकट टळलं."

ही बातमी दर एक-दोन वर्षांनी येतेच. कधी मे-जूनमध्ये, कधी ऑक्टोबरात. ती वाचली की माझं बोट आपोआप नकाशाकडे जातं. इथून टळलं, मग गेलं कुठे?

मी श्रीवर्धनजवळच्या एका गावात राहतो. नारळ-पोफळीची सतरा गुंठ्यांची वाडी आहे आमची. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं, कारण वीज सकाळीच गेली होती. वारा आधी डोंगराकडून येत होता, मग फिरला आणि समुद्राकडून सुरू झाला. माड निदान वाकतो तरी. पोफळ काडीसारखी मधूनच तुटते. दारं लावून आम्ही तो आवाज ऐकत बसलो होतो. कट. थोडा वेळ काही नाही. कट, कट. आई मोजत होती. चाळीसच्या पुढे तिने मोजणं सोडलं आणि चूल पेटवायला गेली.

चौथ्या दिवशी घाटात चढल्यावर रेंज मिळाली. फोनमध्ये पहिला मेसेज बोरिवलीच्या चुलतभावाचा, ३ तारखेच्याच संध्याकाळचा: "वाचलो रे! वळलं वादळ." त्याला काय बोलणार? टीव्हीवर जे दिसलं ते त्याने लिहिलं. मी उत्तर दिलं, "हो, इकडे वळलं." बिचाऱ्याने लगेच फोन केला आणि दहा मिनिटं नुसता "अरे, अरे" करत राहिला.

तेव्हापासून मदतीच्या बातम्याही मी वेगळ्या वाचतो. फळबागांना हेक्टरी ५० हजार जाहीर झाले तेव्हा पुण्याच्या मित्राला वाटलं, आमचं भागलं. इकडे हेक्टरात जमीन असते कुणाची? गुंठ्याला ५०० रुपये पडले, म्हणजे आमचे साडेआठ हजार. आडवी झाडं कापून बाहेर काढायला करवतवाल्याने त्याहून जास्त घेतले. पुढे झाडामागे दर ठरला, माडाला २५० आणि सुपारीला ५०. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, आणि आमच्या रोठ्याला, म्हणजे श्रीवर्धनच्या नावाजलेल्या सुपारीला, बाजारात काय भाव मिळतो ते वाशीच्या व्यापाऱ्याला विचारा. त्यात सातबारा सामाईक, सगळ्यांची संमती हवी. एक आत्या बडोद्याला, आणि वर लॉकडाऊन.

सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट मात्र कुठल्याच बातमीत नव्हती. वाडीतली सावली गेली. जायफळाला सावली लागते, म्हणून तर ते पोफळींच्या मध्ये लावतात. आमची नऊ जायफळं वादळात शाबूत राहिली, पंचनाम्यात त्यांचा प्रश्नच आला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली सहा जागच्या जागी करपली. वीस वर्षांची झाडं होती. वादळाने गेली म्हणावं, तर वादळ होऊन वर्ष झालं होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'शक्ती' चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या किनाऱ्यालाही इशारा होता. आम्ही होड्या वर ओढल्या, पत्र्यांवर दगड ठेवले. मग ते पश्चिमेला सरकलं, म्हणजे या वेळी आम्हीच सुटलो. चुलतभावाचा मेसेज आलाच: "टळलं रे, तुमचंही!" वाडीत नव्या पोफळींना नुकती सुपारी धरू लागली होती, त्यामुळे खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं.

तरी शेजारचा इम्रान मस्कतला नोकरीला आहे, त्याला विचारलं, "तिकडे काय?"

"कडक ऊन आहे, दादा. का?"

"काही नाही," म्हटलं आणि पत्र्यांवरचे दगड उतरवायला गेलो.