मिस्सा संपल्यावरचा ऑर्गन आणि त्यावरची बोलणी

प्रश्न : वसई परिसरातील एका चर्चमध्ये गेली अकरा वर्षे मी रविवारच्या सकाळच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, ऑर्गन वाजवते. समारोप गीत संपून फादर आणि वेदीसेवक आत गेले की मी चार-पाच मिनिटांची एखादी रचना वाजवते. त्यासाठी आठवडाभर घरी रोज तासभर सराव करते. परंतु पहिली ओळ पुरी होण्याआधीच बाकांमध्ये बोलणी सुरू होतात : कुणाच्या विहिरीचे पाणी खारट झाले, केळीला काय भाव मिळाला, कुणाच्या मुलाचे लग्न ठरले. गलका इतका वाढतो की माझेच सूर मला ऐकू येत नाहीत. फादरांना वेदीवरून सूचना द्यायला सांगावे, की हे वाजवणेच सोडून द्यावे?

उत्तर : आपले दुखणे मला परके नाही. माझीही बरीच वर्षे रत्नागिरीकडच्या चर्चमध्ये पायपेटीवर, म्हणजे पायांनी भाता चालवायच्या पेटीवर, गेली आहेत आणि आठवडाभर बसवलेली रचना गलक्यात बुडताना ऐकणे किती जिव्हारी लागते, हे मी जाणतो. तरीही लोकांना दोष देण्याआधी आपली रचना नेमक्या कोणत्या जागी उभी आहे ते पाहू या. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ऑर्गनला उपासनेत मानाचे स्थान दिले, आणि उपासना-संगीताविषयीच्या १९६७ सालच्या रोमच्या सूचनापत्राने गायनाशिवाय केवळ वाद्य वाजवण्यासाठी मिस्सामध्ये चार जागा सांगितल्या : धर्मगुरू वेदीपाशी पोहोचण्यापूर्वी, अर्पणाच्या वेळी, ख्रिस्तप्रसादाच्या (वेदीवरील पवित्र भाकर लोकांना देण्याच्या) वेळी आणि मिस्साच्या शेवटी. यांतील शेवटच्या जागेचा स्वभाव वेगळा आहे. त्या वेळी आशीर्वाद देऊन झालेला असतो, ‘शांतीने जा’ असे सांगून धर्मगुरूंनी लोकांना निरोप दिलेला असतो, आणि ज्यांना जायला सांगितले ते जायला निघालेले असतात. त्यामुळे त्या पाच मिनिटांत बोलणारा माणूस उपासनेचा भंग करत नाही. त्याच्याकडून फार तर आपल्या श्रमांची दखल घेण्याचे राहून जाते, आणि या दोन गोष्टींचे वजन सारखे नाही.

आपल्याकडच्या गाण्याबजावण्यातही शेवटच्या सुरांचे असे दोन प्रकार आहेत. मैफलीत भैरवी सुरू झाली की जाणकार माणूस चप्पल शोधायला उठत नाही, कारण भैरवी हा मैफलीचाच भाग असतो. लग्नात अक्षता पडल्यानंतर वाजणारी सनई मात्र भेटीगाठी, विचारपूस आणि जेवणाच्या पंगतींसाठीच वाजते, आणि तिच्यावर बोलल्याने सनईवाल्याचा अपमान झाला असे कुणी म्हणत नाही. मला वाटते, आपण भैरवी मनात धरून वाजवता आणि लोक ती सनई समजून ऐकतात. दोघेही प्रामाणिक आहेत, पण आपण काय वाजवतो आहोत हे लोकांना कुणी सांगितलेले नाही.

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. एका जुलै महिन्यात, दमट हवेने पायपेटीच्या पट्ट्या फुगून दोन स्वर अडकत असताना, मी मोठ्या कष्टाने जर्मन संगीतकार बाखची एक छोटी रचना वाजवत होतो आणि लोक नेहमीप्रमाणे बोलत होते. मधल्याच एका ओळीवर मला राग अनावर झाला आणि मी दोन्ही हात उचलून घेतले. चर्च एकदम शांत झाले आणि त्या शांततेत एका बाईंचे अर्धे वाक्य सगळ्यांना स्पष्ट ऐकू आले. आपल्या माहेरी परत आलेल्या मुलीविषयी त्या शेजारणीला काहीतरी सांगत होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला, मान खाली घातली आणि बाजूच्या दाराने त्या निघून गेल्या. पुढे कित्येक महिने त्या मिस्सा संपताच घरी जात असत. मी त्या वाक्यावरचे पांघरूण ओढून काढले होते. घरी, वाडीत किंवा विहिरीवर जे बोलता येत नाही ते आठवड्यातून एकदा भेटणारी माणसे त्या सुरांच्या आडोशाने बोलतात, हे मला त्या दिवशी कळले. आणखी एक गोष्टही तेव्हाच ध्यानात आली. मिस्सानंतर गुडघे टेकून आभाराची प्रार्थना करत राहिलेल्या चार-दोन माणसांनाही याच सुरांचा आधार असतो. गलका त्यांना खरोखर त्रास देतो आणि ऑर्गन तो थोडा झाकून टाकतो. आपण वाजवणे थांबवले तर बोलणे थांबणार नाही, फक्त हा आडोसा जाईल. म्हणून कृपा करून थांबू नका.

आता गलक्याविषयी. भोवतीचा आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. फ्रान्समधील कानाचे डॉक्टर एत्येन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे दाखवून दिले आणि आजही ही गोष्ट त्यांच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे आपण ऑर्गनचे सगळे स्टॉप (निरनिराळे आवाज सुरू करणारे खटके) उघडून वाजवू लागलात की शेजारी उभी असलेली माणसे एकमेकांना ऐकू जावे म्हणून ओरडू लागतात, मग आपण आवाज वाढवणारा स्वेलचा पायखटका आणखी दाबता, आणि दोन्ही बाजू चढत जातात. जाड भिंती, फरशी आणि उंच छत असलेल्या जुन्या चर्चमध्ये आवाज बराच वेळ घुमत राहतो, त्यामुळे जलद स्वरांची रचना तेथे मुळातच गढूळ होते. आपण एक महिना हे करून पाहा : समारोपानंतरची पहिली दोन मिनिटे एकच सौम्य स्टॉप ठेवून, मध्यम लयीत, समारोप गीताचीच चाल थोडी फिरवून वाजवा. चाल ओळखीची असली की ती वेगळे लक्ष मागत नाही, आणि आवाज मऊ असला की बोलणाऱ्यांचा आवाजही खाली येतो. मी स्वतः हे करून पाहिले तेव्हा ऑर्गनजवळच्या बाकांवर तिसऱ्या रविवारी फरक जाणवू लागला. दाराजवळ फारसा पडला नाही, आणि तेथे तो पडावा अशी अपेक्षाही धरू नये.

मेहनतीने बसवलेल्या रचनेला मात्र तिची स्वतःची जागा द्या. ख्रिस्तप्रसादानंतर, गीत संपून लोक शांत बसलेले असतात तेव्हाची दोन मिनिटे सोन्याच्या मोलाची आहेत. मिस्सा सुरू होण्यापूर्वीचा वेळही चांगला, कारण लवकर येणारी माणसे बहुधा शांतता शोधतच येतात. आणि ज्या रचना पाच-सहा मिनिटांच्या आहेत, त्यांच्यासाठी उपासनेबाहेरचा वेळ मागून घ्या. जर्मनीतील ल्युबेक शहरात बुक्स्टेहुड हे ऑर्गनवादक नाताळापूर्वीच्या काही रविवारी दुपारची उपासना आटोपल्यावर केवळ ऐकण्यासाठी म्हणून संगीत सादर करत असत, आणि त्यांना ऐकण्यासाठी १७०५ साली वीस वर्षांचा बाख सुमारे चारशे किलोमीटर चालत गेला होता. तो चार आठवड्यांची रजा घेऊन गेला आणि सुमारे चार महिन्यांनी परतला. परतल्यावर १७०६ साली आर्नश्टाट येथील चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या वादनाविषयी तक्रार केली की त्याच्या विचित्र फेरफारांमुळे गाणारी मंडळी गोंधळून जातात. पूर्वी तो फार लांब वाजवत असे आणि समज दिल्यावर एकदम फार आखूड वाजवू लागला, असेही त्यांचे म्हणणे होते. वादक आणि मंडळी यांच्यातील ही ओढाताण किती जुनी आहे, हे यावरून दिसेल.

आपल्याकडच्या सणांना अशी वेळ सहज काढता येईल. चर्चच्या सणाच्या संध्याकाळी किंवा नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी अर्धा तास पुरे. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्त काळात मात्र नुसता ऑर्गन न वाजवता तो केवळ गायनाला साथ देण्यापुरता ठेवण्याची शिस्त आहे, ती मनापासून पाळा. त्या सहा आठवड्यांत लोक समारोपानंतरच्या निःशब्द चर्चमधून बाहेर पडतात, आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्री ऑर्गन पूर्ण आवाजात परत येतो तेव्हा तो ऐकू येतो, कारण मधल्या काळात तो नव्हता. त्या रात्री सगळे स्टॉप उघडा. फ्रेंच संगीतकार विदोर यांची १८७९ सालची टोकाटा ही प्रसिद्ध जलद रचना वाजवण्याची इच्छा असेल, तर आपल्या ऑर्गनला पायांनी वाजवायच्या पट्ट्या आहेत का ते आधी पाहा, कारण तिची मुख्य चाल पायांत आहे आणि केवळ हातांच्या कीबोर्डवर तिचा प्राण जातो.

राहिला सूचनेचा प्रश्न. ‘ऑर्गन वाजत असताना बोलू नये’ अशी सूचना फादरांकडून देववू नका. ती दोन रविवार पाळली जाईल आणि तिसऱ्या रविवारपासून लोक आपल्याकडे अवघडून पाहू लागतील. त्याऐवजी महिन्यातून एकदा एवढेच सांगावे, की आज समारोपानंतर अमुक रचना वाजवली जाईल, ज्यांना ऐकायची असेल त्यांनी पुढच्या बाकांवर बसावे आणि बाकीच्यांनी बाहेर अंगणात गप्पा माराव्यात. पहिल्या वेळी सात माणसे बसली तरी ती खरी ऐकणारी सात माणसे असतील.

प्रश्न : आमच्या लहानशा प्रॉटेस्टंट मंडळीत जुनी पायपेटी आहे. उपासनेनंतर ती वाजते तेव्हा मला शांत बसून ऐकायचे असते, पण शेजारच्या मावशी त्याच वेळी घरची खुशाली विचारतात. त्यांना न दुखवता काय करावे? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मावशींच्या प्रश्नाला उत्तर द्या, कारण कदाचित आठवडाभरात त्यांनी विचारलेला तो पहिलाच प्रश्न असेल. मग ‘मी जरा पेटी ऐकतो, तुम्हीही चला’ असे म्हणून पेटीच्या उजवीकडे, भात्याचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ जाऊन बसा. पायपेटीचा आवाज फार दूर पोहोचत नाही. चौथ्या बाकापलीकडे तिचे खर्जातले स्वर बोलण्यात हरवतात, त्यामुळे मागे बसून शांततेची वाट पाहण्यात अर्थ नाही. वादन संपले की वाजवणाऱ्याला रचनेचे नाव विचारा आणि शक्य असेल तर पुढच्या आठवड्यात तिच्यातील एखादी ओळ पुन्हा ऐकवायला सांगा. आपल्या चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक वापरत असतील, तर त्यातील आपल्या आवडीच्या गीताचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिलात तरी चालेल. पावसाळ्यात पेटीच्या आत ओल धरू नये म्हणून झाकणाखाली विजेचा छोटा दिवा लावून ठेवावा लागतो आणि भात्याचे कापड उंदरांपासून जपावे लागते. ही कामे बहुधा वाजवणारा एकटाच करत असतो, तेव्हा शनिवारी संध्याकाळी अर्धा तास त्याच्या मदतीला जा.