कृषी सल्ला: थंडीने जळालेली केळी कापायची की थांबायचं?

पहिला प्रश्न: "पहाटे दव गोठलं आणि दोन दिवसांत सगळी पानं उकडल्यासारखी काळी पडली. झाडं पाच-सहा फुटांची आहेत, निसवण (घड बाहेर पडणं) नाही. तोडून टाकू का?"

आत्ता कोयता लावू नका. केळीचं खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेली पानांची देठं. वाढीचा कोंब खाली कंदाच्या माथ्यावर, जमिनीलगत असतो आणि फुलोरा धरेपर्यंत तिथेच राहतो. पानं 0 अंशाच्या आसपास जळतात, उणे 2-3 अंशांना खोडही जातं. पण माती गोठली नाही तर कंद सहसा वाचतो. जळून लोंबणारी पानं दिसायला वाईट, पण पुढच्या थंड रात्री तीच खोडाचं पांघरूण होतात.

रात्रीचं तापमान सलग 10 अंशांच्या वर राहू लागलं की कापणी करा. वरून 10-15 सेंटिमीटरच्या चकत्या काढत खाली या. काप तपकिरी, पाणचट आणि आंबूस वासाचा असेल तर अजून खाली. मधोमध पांढरी, घट्ट, ओलसर सुरळी दिसली की थांबा. उबदार हवेत काही दिवसांतच ती सुरळी बोट-दोन बोटं वर सरकलेली दिसते. जमिनीपर्यंत सगळंच सडलेलं निघालं तर एक-दोन जोमदार तलवारी पिलं (कंदातून फुटलेले अरुंद पानांचे कोंब) ठेवा, बाकीची काढा.

थंडीआधी आलेली शेवटची पानं आखूड होत गेली असतील तर हिशेब वेगळा. फुलोरा खोडातून वर चढलेला असतो. तो कापला किंवा गोठला की ते खोड पुन्हा फुलत नाही. अशा झाडात जीव अडकवू नका, पील वाढवा.

कडाका येण्याआधी झाकायचं असेल तर खोड कंबरेइतकं ठेवून कापा. भोवती हातभर अंतरावर जाळीचं कडं उभं करा, त्यात कोरडा पेंढा किंवा पाला भरा आणि पाऊस अडेल असं टोपण फक्त वरून घाला. फसगत इथेच होते: प्लॅस्टिक थेट खोडाला गुंडाळलं की आत घाम धरतो आणि थंडीतून वाचलेलं खोड बुरशीने सडतं.

दुसरा प्रश्न: "घड अर्धा बाहेर येऊन अडकला आहे."

थंडीत दांडा लांबत नाही आणि वरच्या पानांची देठं गळ्याशी आवळून बसतात. अडकलेल्या जागी, घड ज्या बाजूला फुगलाय तिथे बाहेरचे पापुद्रेच उभे चिरा, वीतभर. चाकू दांड्याला लागला तर घड गेला. शेवटची फणी उघडल्यावर घडावर छिद्रांची पिशवी चढवा. थंडीत छिद्रं सुमारे 2 टक्केच असावीत, खालचं तोंड मोकळं. भरलेला घड असेल आणि गोठवणारी रात्र समोर दिसत असेल तर आदल्या दिवशीच उतरवा. गारठलेल्या फळाची साल आतून तपकिरी होते, मग ते धड पिकत नाही.

तिसरा प्रश्न: "धूर करावा की पाणी द्यावं?"

पाणी, पण आदल्या दिवशी सकाळी. ओली, उघडी माती दिवसा ऊब साठवते आणि रात्री सोडते. आच्छादनाचा पेच इथे आहे: पाला कंद वाचवतो, पण मातीची ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे पानं जास्त गारठतात. घड असलेल्या बागेत म्हणून पाला फक्त बुंध्याभोवती घाला, ओळींमधली माती मोकळी आणि तणमुक्त ठेवा. निव्वळ धुराने फारशी ऊब अडत नाही; वारा पडलेल्या पहाटे ठिकठिकाणी लहान जाळ केले तरच थोडा फरक पडतो. तुषार सिंचन मात्र नकोच. पानांवर बर्फ साचला की त्याच्या भाराने ती मोडतात, आणि मध्येच तुषार बंद पडले तर बाष्पीभवनाने नुकसान वाढतं.

खताबद्दल थोडक्यात: थंडी लागण्याच्या दीड महिना आधी युरिया थांबवा, कोवळी वाढ आधी जळते. गार मातीत मुळं अन्न फार कमी उचलतात, म्हणून "झाड पिवळं पडलं" म्हणून भर थंडीत दिलेलं खत बहुतेक वाया जातं. नवा पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) हातभर उलगडला की मग पहिला हप्ता द्या.